अक्कांच्या टीव्हीवरची अक्षरं

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो रजईत गुंडाळून. माझा मेहुणा तेव्हा आखातात नोकरीला होता. सुट्टीवर येताना त्याने तो बॅगेच्या तळाशी ठेवला, वर रजई, रजईवर बहिणीसाठी घेतलेल्या साड्या. विमानतळावर विचारलं तेव्हा "अंथरूण-पांघरूण आहे" असं सांगून तो बाहेर पडला आणि हुबळीला पोचेपर्यंत त्याला ताप भरला. आमच्या केशवापूरच्या घरात, दार लावून, त्याने रजई उलगडली आणि ते काळं, पाटीएवढं यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं.

"भावजी, तुमच्या हौसेचं आणलंय. पण कोणी विचारलं तर माझं नाव घेऊ नका."

"कोण विचारणार?" मी म्हणालो.

तो खिडकी लावायला उठला.

सुट्टी संपल्यावर तो परत गेला, त्याची भीती मात्र आमच्याकडेच राहिली. मी सरकारी कचेरीत कारकून होतो. आमच्याच कचेरीतल्या एकाच्या घरी परदेशी व्हिडिओ सापडला, कर भरल्याची पावती नव्हती, आणि त्याची चौकशी लागली. तो रोज टेबलाशी येऊन बसायचा, पण त्याच्याबरोबर चहाला कोणी उठत नसे. मीही नाही. रेडिओवर त्या दिवसांत सारखं सांगत असत की बेवारस ट्रान्झिस्टर दिसला तर हात लावू नका, त्यात बॉम्ब असू शकतो, पोलिसांना कळवा. ज्याच्या घरात परदेशी यंत्र आणि वायरींची भेंडोळी सापडतील त्याच्याकडे लोक कसे बघतील हे मला समजत होतं. तरी ते यंत्र परत द्यावं असं एकदाही वाटलं नाही. कचेरीतून सुटलो की माझी पावलं आपोआप भरभर पडायची.

त्या यंत्राला स्वतःचा पडदा नव्हता. घरातल्या टीव्हीला जोडायचं, टीव्हीचं गोल बटण फिरवून एका रिकाम्या चॅनलवर आणायचं, की मुंग्या जाऊन पांढरा पडदा दिसायचा आणि त्यावर एक काळा चौकोन लुकलुकत राहायचा. त्या चौकोनाच्या जागी आपण अक्षरं लिहायची, सगळी रोमन. यंत्र बंद केलं की लिहिलेलं सगळं पुसलं जायचं. जपून ठेवायचं असेल तर टेपरेकॉर्डर जोडून कॅसेटवर घ्यायचं. कॅसेट परत लावली की स्पीकरमधून अशी कर्कश किंचाळी निघायची की बायको पहिल्यांदा स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आली होती. पुढे मी टेपरेकॉर्डरवर तीच रजई टाकू लागलो, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून.

शिकवणारं कोणी नव्हतं. स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे परदेशी मासिकांचे जुने अंक मिळायचे. त्यांत छापलेले प्रोग्राम एकेक अक्षर बघून मी टाइप करायचो. एक स्वल्पविराम चुकला की यंत्र अडून बसायचं. सगळं बरोबर झालं असं वाटावं आणि वरचा पंखा हळू फिरायला लागावा, म्हणजे दिवे जाण्याची खूण, आणि डोळ्यांदेखत सगळी संध्याकाळ पुसली जावी. मी पंख्याकडे बघत टाइप करायला शिकलो. टेपरेकॉर्डरचं हेड नीट बसत नव्हतं, ते करून घ्यायला कमरीपेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही ऐकता काय यावर? सिनेमा की भजन?"

"भजन," मी म्हणालो.

"मग एवढं बारीक कशाला बसवायचं? देव काय सूर बघतो?"

त्याचा पोऱ्या हसला, मीही हसलो, आणि घरी येईपर्यंत दोनदा मागे वळून बघितलं. तेव्हा माझं सगळं असंच चाललं होतं.

आता अक्कांबद्दल. आम्ही राहत होतो ते घर अक्कांच्या मुलाचं. एका भिंतीच्या अलीकडे आम्ही भाड्याने, पलीकडे ते. अक्कांना सगळी गल्ली अक्काच म्हणायची, मराठी बोलणारी, कानडी बोलणारी, सगळी. यजमान हेडमास्तर होते, त्यांनी अक्कांना लग्नानंतर इंग्रजी अक्षरं शिकवली होती, त्यामुळे औषधाच्या बाटलीवरचं नाव त्या एकेक अक्षर जुळवून वाचायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलाचं कापडाचं दुकान होतं. तो सकाळी जायचा आणि जेवायच्या वेळेला घरी यायचा. सून दिवसभर कामात. अक्कांच्या मांडीवर असायची ती नात, अजून शाळेत जायची होती.

आम्ही टीव्ही घेतला तेव्हा छपरावर वेगळा खांब लावायला माझ्याजवळ पैसे नव्हते. अक्काच म्हणाल्या, "तम्मा, आमच्या खांबावरून घे की वायर. चित्र काय वाटून कमी होतं का?" कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. मी त्यांच्या मुलापेक्षा महिनाभराने लहान, म्हणून मी तम्मा. मुलाने त्यांच्या अँटेनाच्या चपट्या वायरीला जोड देऊन एक फाटा आमच्या खिडकीतून आत सोडला. एका खांबावर दोन घरं टीव्ही बघू लागली.

कॉम्प्युटर लावताना अँटेनाची वायर टीव्हीच्या मागून सोडवायची असते, मग कॉम्प्युटरची बसवायची. रोज टीव्ही पुढे ओढायचा, मागे वाकून ते दोन बारके स्क्रू सोडवायचे, मग परत लावायचे. बायकोला बातम्या हव्या असत. मी कंटाळलो आणि एका रविवारी दोन्ही वायरी एकत्र पिळून त्याच स्क्रूंखाली कायमच्या आवळून टाकल्या. आमच्या टीव्हीवर दोन्ही चालत होतं. मला वाटलं, काय छान युक्ती सुचली.

पाणी एका नळातून येतं, तसं ते त्याच नळातून मागेही जाऊ शकतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. माझ्या यंत्राचं चित्र त्या चपट्या वायरीने वर जोडापर्यंत जात होतं आणि जोडावरून खाली अक्कांच्या टीव्हीत उतरत होतं. फक्त त्या रिकाम्या चॅनलवर. तिकडे कोणी बटण फिरवलं तरच दिसणार. आणि कोण फिरवणार? आमच्याकडे लागायचं ते एकच केंद्र.

अक्का फिरवायच्या. एका उन्हाळ्यात, कशी कोण जाणे, मुंबईची मराठी नाटिका आमच्या गल्लीत दिसली होती. अर्धा पडदा मुंग्या, आवाज विहिरीतून आल्यासारखा, पण मराठी. अक्कांनी ती बघितली आणि तेव्हापासून त्यांना नाद लागला. टीव्हीवर हिंदी, नाहीतर कानडी. कानडी त्यांना घरच्यासारखं येत होतं, पण म्हणायच्या, "एकदा आपल्या भाषेत कोणी पडद्यावरून बोलावं असं वाटतं बघ." म्हणून संध्याकाळी, सून स्वयंपाकात असताना, त्या नातीला मांडीवर घेऊन बटण टकटक फिरवत बसायच्या. मुंबई परत काही आली नाही.

नेमका त्याच महिन्यांत मी माझा पहिला स्वतःचा प्रोग्राम लिहीत होतो. मासिकातली यंत्रं माणसाला नाव विचारायची आणि हॅलो म्हणायची. मला वाटलं, हुबळीतलं यंत्र असं कोरडं कसं बोलेल? आपल्याकडे माणूस भेटला की आधी विचारतात, ऊट आयता, जेवण झालं का. म्हणून मी रोमन अक्षरांत मराठी लिहिलं. यंत्र विचारायचं: तुमचं नाव काय? उत्तर दिलं की: जेवण झालं का? मग: काय जेवलात? मग: घरी कोण कोण आहे? काहीही लिहिलं तरी ते म्हणायचं, बरं, आणि पुढचा प्रश्न. मी रोज संध्याकाळी त्यात एखादा प्रश्न वाढवायचो आणि स्वतःच उत्तरं टाइप करून बघायचो. उत्तर पडद्याच्या तळाशी उमटायचं आणि लगेच पुसलं जायचं, पुढचा प्रश्न तेवढा राहायचा.

एकदा मी तुळशीजवळ सायकल पुसत होतो. अक्का कंपाउंडच्या भिंतीशी आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "तम्मा, तुला यंत्रातलं कळतं, रेडिओ बिघडला की तूच उघडतोस. कोणाला सांगणार नसशील तर एक विचारते."

"विचारा की."

"आमचा टीव्ही माझ्याशी बोलतो."

मी हसलो. "सगळ्यांशीच बोलतो अक्का."

"तसं नाही रे. लिहून. इंग्रजी अक्षरात मराठी. पहिल्यांदा भ्यायले, बटण फिरवलं. मग परत लावलं. त्याने विचारलं, जेवण झालं का. मी म्हटलं झालं. तर लगेच विचारतो, काय जेवलात! भाकरी आणि पुंडीची भाजी म्हटलं, तर म्हणतो, बरं." त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "नावसुद्धा विचारलं मला. माझं नाव कोणी विचारून किती वर्षं झाली माहितेय तुला? मलाच आठवायला लागलं."

माझ्या हातातलं फडकं सायकलच्या साखळीत अडकलं होतं, ते सोडवायला मला फार वेळ लागला. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"खरं असेल ना रे?"

"बघायला पाहिजे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी प्रोग्राम चालू केला, 'जेवण झालं का?' हा प्रश्न पडद्यावर तसाच ठेवला आणि ताक मागायच्या निमित्ताने पलीकडे गेलो. अक्का टीव्हीपुढे बसल्याच होत्या, मांडीवर नात. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "बरा आलास. बस." आणि त्यांनी बटण फिरवलं. टक. मुंग्या. टक. मुंग्या. टक.

पडदा पांढरा झाला. माझी अक्षरं. जरा हलत होती, कडा पुसट होत्या, पण माझीच. शेवटी तो चौकोन लुकलुकत होता, उत्तराची वाट बघत.

मला वाटलं, दोन घरांत दिसतंय तर आणखी कुठे दिसत असेल? गल्लीत? पोलीस लाइनीत? परवान्याशिवाय प्रक्षेपण करणारा सरकारी नोकर, यंत्र परदेशी, पावती नाही. बायकोच्या भावाचं नाव. या सगळ्याला एक श्वास पुरला.

"दिसतंय ना तुला?" अक्का म्हणाल्या.

"मुंग्या दिसतायत," मी म्हणालो.

अक्कांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बोट उचलून एकेक अक्षर दाखवत त्यांनी वाचलं. "हे बघ, जे. व. ण."

"अक्का, मुंग्याच आहेत हो. तुमचा चष्मा बदलायला झालाय."

त्यांनी नातीला विचारलं, "तुला गं? तुला दिसतंय ना काही?"

पोर पडद्याकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. आणि मान हलवली, नाही म्हणून. मला सुटल्यासारखं वाटलं. तिला अजून अक्षरओळख नाही, तिला काय कळतंय, असं मी मनाशी म्हणालो. ताक न घेताच घरी आलो, टीव्ही पुढे ओढला आणि पिळलेल्या वायरी कापून टाकल्या.

बायकोला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले. "तुम्ही तोंड उघडायचं नाही. माझ्या भावाला आत टाकतील." हे मी तिच्यावर ढकलण्यासाठी लिहीत नाही. ती नुसतं म्हणाली, आणि तेही मी आधीच ठरवलेलं.

मला वाटलं होतं, वायर कापली, विषय संपला. अक्का विसरतील. झालं उलटंच. इतके दिवस त्यांच्याशी बोलणारं कोणीतरी एकदम गेलं होतं. त्या त्या चॅनलवर मुंग्या लावून बसू लागल्या. भिंतीतून मला ऐकू यायचं, "झालं रे जेवण. आज लवकर झालं. विचार की." सुनेने ऐकलं. मुलाला सांगितलं. मुलाने दुकान लवकर बंद करून शेजारी बसून बघितलं आणि त्याला मुंग्यांखेरीज काही दिसलं नाही. कसं दिसणार? यंत्र रजईत गुंडाळून आमच्या पलंगाखाली होतं.

मग एका रविवारी दुपारी मला बोलावणं आलं. अक्कांचे भाऊ धारवाडहून आले होते, वकील. खुर्चीवर बसून ते उलटतपासणी घ्यावी तसं विचारत होते, आणि अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. सून दारात, नात तिच्या पदरात.

"टीव्हीने विचारलं जेवण झालं का?" भाऊ म्हणाले. "आमच्या घरात बायको विचारत नाही, तुझा टीव्ही विचारतो?"

मुलगा हसला, पण त्याचे डोळे लाल होते. "मामा, हसण्यावारी नेऊ नका. काल ती त्याला तिच्या माहेरचं सांगत होती."

"बरं. हे साहेब यंत्रातले जाणकार ना? एन री, काय हो साहेब, तुम्हीच सांगा. टीव्हीत आपोआप मराठी अक्षरं उमटतील, प्रश्न विचारतील, असं होऊ शकतं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अक्काही. त्यांच्या बघण्यात तक्रार नव्हती, आशा होती. हा तम्मा आहे, याला कळतं, हा आता सांगेल.

दारातून आमची खिडकी दिसत होती. तिच्यात आत गेलेली ती चपटी वायर दिसत होती. कोणीही तिच्या मागे मागे गेलं असतं तर दोन मिनिटांत आमच्या पलंगापर्यंत पोचलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "शक्य नाही. तांत्रिकदृष्ट्या शक्यच नाही."

तो 'तांत्रिकदृष्ट्या' कुठून आला कोण जाणे. पण त्याच शब्दाने काम केलं. भावाने मान डोलावली. मुलाने हातांनी तोंड झाकलं. अक्का म्हणाल्या, "असं का," आणि पदर नीट केला.

आमच्या हुबळीत कोणी वेड्यासारखं बोललं की पोरं म्हणतात, धारवाडची बस धर. वेड्यांचं हॉस्पिटल तिकडे आहे म्हणून. लहानपणी मीही मित्रांना म्हटलंय. त्या आठवड्यात अक्कांना मुलाने आणि भावाने धारवाडला एका डॉक्टरांकडे नेलं. त्या डॉक्टरांचा काही दोष नाही. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावर त्यांनी औषध दिलं, आणि सांगितलेल्यात माझा शब्द होता. रिक्षात बसताना अक्कांनी हातात पिशवी घट्ट धरली होती. फाटकाशी मी उभा होतो. पळून जावंसं वाटत होतं, पण पळालो असतो तर दिसलं असतं.

काही आठवडे त्या तिकडेच राहिल्या, मग परत आल्या. चालणं सावकाश झालं होतं. तोंड कोरडं पडायचं, बोलताना शब्द चिकटायचे. टीव्हीवर मुलाने जाड कापड घातलं होतं, त्या खोलीत त्या जात नसत. हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण परतल्यावर काही दिवसांनी मी फाटकातून आत येत होतो, अक्का पायरीवर उन्हात बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. मग शेजारी खेळणाऱ्या नातीला हळूच विचारलं, "तो तम्मा आलाय ना गं? खरंच उभा आहे ना तिथे?"

"आहे आजी," नात म्हणाली.

मग अक्का मला म्हणाल्या, "ये रे."

पुढे हे रोजचं झालं. दारात कुत्रं आलं की विचारायच्या, आहे ना रे कुत्रं? ताटात लोणचं बघून विचारायच्या, वाढलंय ना? कोणी हो म्हटल्याशिवाय हात पुढे करायच्या नाहीत. स्वतःच्या डोळ्यांवरचा त्यांचा विश्वास मी काढून घेतला होता, आणि त्या तो गल्लीतल्या सगळ्यांकडून थोडा थोडा मागून आणत होत्या.

मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं. रोज ठरवायचो. शब्दसुद्धा जुळवायचो: अक्का, ते माझं यंत्र होतं. मग वाटायचं, आता सांगितलं तर मुलगा विचारेल, त्या दिवशी का नाही बोललात? म्हणजे गुन्हा आधीच्याहून मोठा झालेला. जितके दिवस जायचे तितकं सांगणं अवघड होत गेलं, आणि मी वाट बघत राहिलो, कशाची ते मला माहीत नाही. आम्ही घर बदललं. अक्का त्यानंतर काही वर्षांनी गेल्या. मी खांदा दिला.

कॉम्प्युटर मी परत लावला नाही. एका पावसाळ्यात तो पोत्यात घालून भंगारवाल्याला दिला, आणि तो सायकलवरून दिसेनासा होईपर्यंत खिडकीच्या आड उभा राहिलो. पुढे कचेरीत सरकारनेच कॉम्प्युटर आणले. सगळे मला म्हणायचे, साहेब, तुम्हाला यातलं कळतं, तुम्ही बसा. मी म्हणायचो, मला काही कळत नाही. लोकांना तो विनय वाटायचा.

हे सगळं असंच माझ्याबरोबर गेलं असतं. पण गेल्या दसऱ्याला अक्कांची नात आली. ती आता धारवाडला शाळेत शिकवते, तिची मुलं कॉलेजात आहेत. दसऱ्याला बन्नीची पानं, म्हणजे आमच्याकडचं सोनं, द्यायला ती दरवर्षी येते, आजीच्या वेळचं एवढंच एक माणूस उरलंय म्हणते. पानं हातात ठेवून ती पाया पडली, समोर बसली, आणि चहा पिताना तिने डोळ्यांपुढून हात फिरवला, माशी हाकलावी तसा. थोड्या वेळाने परत. मग भिंतीकडे बघत हळूच म्हणाली, "काका, तिथे माशी आहे का हो?"

भिंत रिकामी होती.

तिच्या आवाजात मला अक्का ऐकू आल्या. मी विचारलं, काय दिसतं तुला? तिने टाळलं. मी सोडलं नाही. मग तिने सांगितलं: काळे ठिपके तरंगतात, आणि डाव्या डोळ्याच्या कडेला मधूनच वीज चमकल्यासारखं होतं. बरेच दिवस झाले.

"मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे का गेली नाहीस?"

ती कपाकडे बघत राहिली. "काय सांगू त्यांना? नसलेलं दिसतं म्हणून? आमच्याकडे आजीचं माहितेय तुम्हाला. घरात कळलं तर म्हणतील, हिचं पण सुरू झालं. मुलीचं स्थळ बघतोय. मीच स्वतःला सांगते, काही नाहीये, बघू नकोस तिकडे."

मला मोतीबिंदूच्या वेळी माझ्या डॉक्टरांनी बजावलं होतं की कडेला वीज चमकली तर त्याच दिवशी या, उशीर केला तर डोळा जातो. ते मी तिला सांगितलं. ती नुसती हसली. तिला डोळा जाण्याची भीती नव्हती. तिला दुसरीच भीती होती, आणि ती माझ्या हातची होती.

मग मी सांगितलं. रजईपासून. वायरी कशा पिळल्या, कसा तो प्रोग्राम लिहिला, अक्का कंपाउंडशी काय म्हणाल्या, मी काय म्हणालो, वकील मामांपुढे काय म्हणालो. मधूनच मला वाटत होतं, अजून थांबावं, अजून वळवता येईल. बायको असती तर पाणी घेऊन आली असती. संपवलं तेव्हा चहावर साय आली होती.

नात रडेल, उठून जाईल, शिव्या देईल, या सगळ्याची मी तयारी करून बसलो होतो. ती खिडकीबाहेर बघत होती.

"पांढऱ्यावर काळी अक्षरं," ती म्हणाली. "आणि शेवटी एक चौकोन. लुकलुकणारा."

चौकोनाचं मी तिला सांगितलं नव्हतं.

"मला वाचता येत नव्हतं," ती म्हणाली. "पण तो चौकोन दिसत होता. तुम्ही नाही म्हणालात म्हणून मीही नाही म्हटलं. मोठा माणूस नाही म्हणतोय म्हणजे नसेलच. मग आजीला नेलं. मला वाटायचं, कोणाला कळलं तर मलाही नेतील. अजून वाटतं." तिने माझ्याकडे बघितलं, तशीच, त्या दिवशी आजीच्या मांडीवरून बघितलं होतं तशी. "होता ना तो, काका?"

"होता," मी म्हणालो. "मलाही दिसत होता."

तिने मान हलवली. मला क्षमा केली असं ती म्हणाली नाही, मीही मागितली नाही. ज्यांची मागायची त्या नाहीत. तिने एवढंच सांगितलं की हे लिहून ठेवा, कारण तोंडी सांगितलं तर घरातले म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं चालत नाही आता. म्हणून हे लिहिलं आहे. अक्का वेड्या नव्हत्या. त्यांना जे दिसलं ते होतं.

सणाचा दिवस होता, तरी मी माझ्या डॉक्टरांना फोन केला आणि ते दवाखाना उघडतो म्हणाले. रिक्षात तिने डोळ्यांवर पदर धरला होता, ऊन लागत होतं म्हणून. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला यंत्रापुढे हनुवटी टेकवायला सांगितली आणि विचारलं, "काय दिसतं?"

मी मागे भिंतीशी उभा होतो. ती वळून माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. ती वळली नाही. "काळे ठिपके दिसतात," ती म्हणाली, आणि पुढचं सांगू लागली.